फुटक्यांची बिजागरी

आमचं खरं आडनाव काय आहे ते बंदरावर कुणाला विचारू नका, कुणालाच माहीत नाही. "फुटक्यांचं घर कुठलं?" असं विचारा, शेंबडं पोरही बोट धरून आणून सोडेल. पोस्टमनसुद्धा दारात उभा राहून "फुटके, सही!" असं ओरडायचा. शाळेत बाईंनी हजेरीला माझं कागदावरचं नाव घेतलं की ही कोण नवीन आली म्हणून पुढची मुलं मागे वळून बघायची.

बाबा कवळ्या बनवायचे. दाताच्या दवाखान्यात पुढे डॉक्टरीणबाई बसायच्या, त्या लोकांच्या तोंडाची मापं घ्यायच्या, आणि मागच्या खोलीत बाबा त्या मापांतून दात उभे करायचे. खोली एवढीशी होती. खिडकीखाली टेबल, मेण वितळवायची चिमणी, प्लास्टर उडून पांढरा पडलेला नळ, आणि भिंतीवरच्या खणांत रंगाप्रमाणे लावून ठेवलेले दात. पांढरेशुभ्र दात कमी खपतात, पिवळसर जास्त, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत होतं. कुणी हसलं की बाबांची नजर आधी दातांवर जायची, मग माणसावर. त्यांच्या कामाची ख्याती मोठी होती पण गुपचूप, कारण आपली कवळी कुठून घेतली हे कोण चारचौघांत सांगतं? अर्धा बाजार बाबांच्या दातांनी जेवायचा आणि त्याच दातांनी आम्हाला फुटके म्हणायचा.

हे नाव पडलं ते एका जहाजापायी. एकोणिसावं शतक सरत आलं होतं तेव्हाचं ते तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. भरदुपारी, माल भरून, बंदराच्या तोंडाशी आलं होतं. घरची माणसं धक्क्यावर वाट बघत उभी होती. दीपस्तंभ आणि खडक यांच्यामधून वळायचं, की आलंच आत. ते वळलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नाकासमोर सरळ खडकावर गेलं आणि फुटलं. पुढच्या दिवसांत एकेकाचं प्रेत किनाऱ्याला लागत गेलं. फक्त सुकाणू धरणारा, ज्याला तेव्हा सगळे सुकाण्या म्हणायचे, त्याचं काही लागलं नाही. तो सुकाण्या म्हणजे माझ्या बाबांचे पणजोबा.

चौकशी झाली. जहाजाच्या मालकानं शपथेवर सांगितलं की सुकाणू नवंकोरं होतं आणि ज्या बिजागऱ्यांवर ते दारासारखं फिरतं त्याही नव्यानं ओतून बसवल्या होत्या. मग उरलं कोण? सुकाण्या. दुसऱ्या व्यापाऱ्याकडून त्यानं पैसे खाल्ले, जहाज मुद्दाम खडकावर घातलं आणि पोहत पसार झाला, असं ठरलं. त्या गर्दीत कुणीतरी एक वाक्य टाकलं, "जहाज फुटायच्या आधी सुकाण्या फुटला." झालं. आपल्या भाषेची ही एक गंमत आहे, माझ्या मते घाणेरडी गंमत. काचही फुटते, जहाजही फुटतं आणि पलीकडच्यांना सामील झालेला माणूसही फुटतो. इतकं सोयीचं वाक्य लोक कशाला विसरतील? सुकाण्याची बायको तेव्हा पोटुशी होती. तिचं मूल जन्मलं तेच फुटक्याचं म्हणून.

बाबा लहान असताना हुतूतूच्या खेळात त्यांना कुणी आपल्या बाजूला घ्यायचं नाही. हा ऐनवेळी फुटणार, म्हणायचे. मला हे बाबांनी हसत सांगितलं होतं, पण सांगताना त्यांच्या हातातलं मेण पार वाकडं झालं होतं.

कळत्या वयापासून त्यांनी त्या जहाजाचा पिच्छा पुरवला. दवाखाना बंद असेल त्या दुपारी वाचनालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रं उलटायची, भरती-ओहोटीची गणितं शिकायची, म्हाताऱ्या नाखवांच्या ओसरीवर जाऊन बसायचं. जहाज कसं बांधतात, वारा कुठून आला तर शीड कसं धरतात, हे त्यांना तोंडपाठ झालं. त्यांचं म्हणणं साधं होतं. जहाज वळवलं नाही असं नाही, ते वळलं नाही. म्हणजे सुकाणूच निकामी झालेलं असणार. पण म्हणणं आणि दाखवणं यात फरक असतो. आई वैतागायची. "जिवंत माणसांच्या कवळ्या रखडल्यात आणि तुम्ही मेलेल्याला दात बसवताय," म्हणायची, आणि लगेच त्यांचा डबा भरून द्यायची.

या सगळ्यात बाबांच्या जोडीला असायचा काका, त्यांचा धाकटा भाऊ. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हापासून काकाला बाबांनीच वाढवलं होतं. काकाची एक होडी होती, पलीकडच्या काठावरच्या कामगारांना तो ने-आण करायचा. काका बोलायला लागला की मासेसुद्धा वर येऊन ऐकतील, असं आई म्हणायची. बाबा एक वाक्य बोलायला पाणी प्यायचे आणि काका पाणी प्यायलासुद्धा थांबायचा नाही. मला पोहायला त्यानं शिकवलं. खरं सांगायचं तर लहानपणी मला बाबांपेक्षा काका जास्त आवडायचा, आणि हे मी बाबांना तोंडावर सांगितलेलं होतं. तेही म्हणायचे, "मलाही तोच जास्त आवडतो."

एका वर्षी मोठं वादळ झालं आणि खडकाच्या मागची वाळू सरकली. पुढच्या मोठ्या ओहोटीला दोघे भाऊ होडी घेऊन तिथे गेले. काकाच्या पायाला काहीतरी टोचलं. उकरून बघतात तर कुजलेल्या लाकडाला धरून बसलेला, हिरवा पडलेला, काशाचा जाडजूड तुकडा. त्याचा जोडीदार हाताच्या अंतरावर वाळूत. दोन्ही एकमेकांना लावले तर बरोबर बसले. ती सुकाणूची बिजागरी होती आणि ती मधोमध तुटली होती.

बाबांनी तुटलेली बाजू धुतली आणि तिच्याकडे बघतच राहिले. आतून सगळी भोकंच भोकं होती. प्लास्टर घाईत ओतलं की आत हवा राहते, फुगे धरतात, आणि कवळी पहिल्याच घासाला मोडते. आयुष्यभर त्या फुग्यांशी झगडलेल्या माणसाला ते ओळखायला भिंग लागलं नाही. बिजागरी ओततानाच पोकळ राहिली होती. मालकानं फसवं काम गळ्यात बांधलं होतं आणि ऐन वळणावर ते मोडलं होतं. सुकाण्या शेवटपर्यंत सुकाणू ओढत होता आणि पलीकडे काही जोडलेलंच नव्हतं. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून हमसाहमशी रडले. काकाही रडला. त्याचं ते रडणं खोटं नव्हतं असं मला अजून वाटतं, आणि त्यामुळेच माझा राग जात नाही.

मोठ्या शहरातल्या एका धातूतज्ज्ञ बाईंना बाबांनी फोन केला. त्या म्हणाल्या, तुम्ही सांगता तसे फुगे असतील तर शंकाच नको, पण मला मूळ तुकडेच बघावे लागतील, नकलेवरून काही सांगता येत नाही. सवड झाली की मीच तिकडे येते, तोवर ते पाण्यात बुडवून ठेवा. आमच्या घरात तेवढी टाकी ठेवायला जागा नव्हती. काकाकडे होडीची मोठी शेड होती, म्हणून तुकडे काकाकडे. फोटो काढले तेही काकाच्या मोबाईलवर, कारण बाबांचा फोन बटणांचा. भावाच्या शेडमध्ये ठेवलेली वस्तू म्हणजे आपल्याच घरात ठेवलेली. यात चूक काय हे मला आजही कुणी सांगू शकणार नाही.

बाबांनी एक मात्र केलं. शेडमध्ये जाऊन त्या तुटलेल्या बाजूचं माप घेतलं, अगदी जबड्याचं घेतात तसं, आणि घरी येऊन प्लास्टरची नक्कल ओतली. रोज उघडून बघायला जवळ काहीतरी हवं होतं त्यांना. मग ती नक्कल घेऊन ते टेबलाशी बसले आणि हात चालू लागले. कडा घासल्या, मेण गरम केलं, खड्डे बुजवले, वरून कापडानं चकचकीत केली. आयुष्यभर प्रत्येक तुकड्याचं जे केलं तेच त्याचं केलं. आई म्हणाली, "किती देखणं झालंय हो!" मीही म्हटलं, छान. आपण काय बुजवलं ते त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि आमच्या तर नाहीच नाही.

इकडे काकाचा धंदा बसला. खाडीवर पूल झाला आणि होडीत कोण बसणार? डोकं लढवून त्यानं होडीला छत केलं, बाकं रंगवली, कर्णा बसवला आणि पाहुण्यांना खडक दाखवायला न्यायला लागला. सुरुवातीला तो बाबांचीच गोष्ट सांगायचा, की सुकाणू कसं मोडलं, बिजागरी कशी पोकळ होती. लोक मोबाईलमध्ये बघत बसायचे. एक दिवस त्यानं गंमत म्हणून जुनी गोष्ट सांगितली. अंधारातली भेट, पैशांची थैली, सुकाण्याचं कपटी हसू, सगळं वठवून दाखवलं, आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाला, "आणि त्या फितुराचा पणतू आज तुमच्यासमोर उभा आहे!" लोकांनी आ वासला. दुसऱ्या दिवशी होडी भरली. महिन्याभरात होडीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, "फितुराचा खडक".

बाबांच्या कानावर गेलं. त्यांनी विचारलं तेव्हा काका त्यांच्या गळ्यात पडला. "दादा, पोटापुरतं रे. त्या बाईंचा निकाल येऊ दे, त्याच दिवशी ती अक्षरं पुसतो." बाबांनी ऐकलं. धाकट्यानं गळ्यात पडावं आणि थोरल्यानं विरघळावं, हे आमच्या घरचं जुनंच दुखणं.

त्याच सुमारास बंदराच्या समितीनं ठरवलं की त्या जहाजावर बुडालेल्यांसाठी धक्क्यावर एक शिळा बसवायची. त्यांच्या यादीत कप्तान होता, सुतार होता, अगदी स्वयंपाक्याच्या हाताखालचाही होता. सुकाण्या नव्हता. बाबांनी अर्ज केला की माझ्या पणजोबाचंही नाव त्यावर कोरा, तोही त्यांच्याबरोबरच बुडाला. समितीनं पुराव्यासकट सभेला बोलावलं. धातूतज्ज्ञ बाईंनाही बोलवायचं ठरलं होतं, पण काका म्हणाला, "त्यांना कशाला त्रास? मूळ तुकडे मी थेट सभेत घेऊन येतो, डोळ्यांनी बघतील ना सगळे." बाबांना तेही पटलं. अधूनमधून शेडमध्ये गेलं तर काका म्हणायचा, टाकीचं पाणी बदललंय, आता उघडू नकोस. फोटोंचं विचारलं तर म्हणाला, मोबाईल पाण्यात पडला रे.

सभेच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. सभागृहात बंदरावरचं झाडून सगळं माणूस आलं होतं. अध्यक्ष म्हणजे बंदराचे निवृत्त साहेब, आणि त्यांच्या तोंडात बाबांचीच कवळी. काका अजून आला नव्हता. बाबा उठले, नक्कल पुढे ठेवली आणि म्हणाले, "हे बघा, इथे आत फुगे आहेत, म्हणजे धातू पोकळ..." आणि त्यांचं बोट त्या चकचकीत पृष्ठभागावरून फिरलं. पुन्हा फिरलं. एकही खड्डा नव्हता. तेव्हा त्यांना कळलं. मला त्यांच्या पाठीवरून कळलं. भरल्या सभेत एक माणूस गुळगुळीत प्लास्टर चाचपत उभा होता आणि मागच्या रांगेत खसखस पिकली होती.

"अहो," अध्यक्ष हसत म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा धंदाच मुळी नसलेले दात बसवण्याचा."

काय हशा झाला! हसणाऱ्यांतल्या कितीजणांचे दात बाबांनी घडवले होते ते मला दिसत होतं. बाबा म्हणाले, "ही नक्कल चुकली माझी. मूळ तुकडे आहेत. माझा भाऊ आणतोय."

आणि काका आला. कापडात गुंडाळलेली वस्तू त्यानं टेबलावर ठेवली, कापड अलगद बाजूला केलं. लाकडी बैठकीवर बसवलेली, काळ्या रंगानं रंगवलेली, अख्खी बिजागरी. एकसंध. कुठे तुटल्याचं नावनिशाण नाही.

"दादाचा मान राखून सांगतो," काका म्हणाला. आवाज अगदी घोगरा काढला होता, कर्ण्यावर काढतो तसा. "त्याची माया मला समजते. पण आम्हाला सापडली ती अशीच. मी खोटं कसं बोलू? बिजागरी धड होती. सुकाण्यानंच घात केला."

केसानं गळा कापणं हे मी फक्त वाचलं होतं. त्या दिवशी बघितलं.

बाबांनी ती बिजागरी उचलली. दोन्ही हातांत धरून, कवळी तपासतात तसा अंगठा तिच्यावरून फिरवत गेले. मध्यावर अंगठा थांबला. तिथे त्यांनी नखानं जरा दाबलं, आणि मग नख काढून घेतलं. मला समजलं, त्यांना जोड सापडला होता. कुणाकडून तरी डाग देऊन झाळून घेतलेला, कानशीनं घासलेला, वरून रंग फासलेला जोड. रंगाचा एक पापुद्रा उडवायचा अवकाश होता.

"काय म्हणणं आहे तुमचं?" अध्यक्षांनी विचारलं.

बाबांनी काकाकडे बघितलं. काका छताकडे बघत होता. बाबांनी बिजागरी खाली ठेवली आणि मान खाली घालून म्हणाले, "काही नाही."

मी ताडकन उठले. "खोटं आहे हे! तिला झाळलंय, रंग खरवडून..." एवढंच बाहेर पडलं. बाबांनी माझा दंड असा धरला की पुढचे दोन दिवस वळ होता. "खाली बस," ते म्हणाले. "पोरगी आहे, तिला काय कळतं," असं लोकांना म्हणाले. त्यांनी आयुष्यात कधी मला असं तोडलं नव्हतं. मी बसले आणि मग उठून निघूनच गेले.

घरी मी आकाशपाताळ एक केलं. एक नख मारलं असतं तर काय जात होतं? जन्म घातलात त्यासाठी, आणि तोंड उघडायच्या वेळी तुमचीच दातखिळी बसली? आई मध्ये पडली नाही, तीही त्यांच्याकडेच बघत होती. बाबा बराच वेळ हात धूत राहिले. प्लास्टर काही लागलेलं नव्हतं.

"नख मारलं असतं तर पणजोबा सुटले असते," ते म्हणाले. "आणि तो अडकला असता. भर सभेत, सगळ्यांसमोर, खराखुरा फुटका ठरला असता. पणजोबा मेलेत गं. हा जिवंत आहे. त्याची पोरं शाळेत जातात. त्यांना खेळात कोण घेईल?" मग टॉवेलला हात पुसत म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. चावले तर कुणाला सांगायचं?"

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हेही शहाण्यांनीच म्हणून ठेवलंय. मी काकाच्या शेडवर गेले. तो बाकं पुसत होता. मी विचारलं, कुणाकडून झाळून घेतलीस?

त्यानं नाकारलंसुद्धा नाही. "तुटकी बिजागरी बघायला कोण तिकीट काढतं सांग मला," म्हणाला. "खराब माल होता, मोडला, माणसं मेली. ही काय गोष्ट झाली? असं तर रोज होतं. फितूर पाहिजे लोकांना. आणि दादा बोलला का काही? त्याला कळलं नसेल असं वाटतं तुला? त्याच्या बोटांना? तो गप्प बसला ना? मग तू कोण गं मोठी लागून गेलीस?" आणि जाता जाता, जणू काही झालंच नाही असं, म्हणाला, "चहा घेतेस?"

शिळा बसली. सुकाण्याशिवाय. पण खरं नुकसान पुढेच होतं. बाबा गप्प बसले ते भावाला झाकायला, आणि बंदरावर अर्थ निघाला तो वेगळाच. भाजीवाल्या बाईपासून केस कापणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, की फुटक्यांच्यातल्या थोरल्यानंसुद्धा शेवटी कबूल केलं. इतकी वर्षं निदान घरातला एक माणूस नाही म्हणणारा होता. आता तोही गेला. बाबांना हे समजत होतं, पण ते कुणाला दुरुस्त करायला गेले नाहीत, कारण दुरुस्त करायचं म्हणजे भावाचं नाव घ्यायचं. वाचनालयात जाणं त्यांनी सोडलं. मोकळ्या दुपारी ते दवाखान्यातच काहीतरी घासत बसायचे.

एक दिवस मला म्हणाले, "चल, आपण त्याच्या होडीतून जाऊन येऊ. एकदा ऐकू तरी काय सांगतो."

मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. तिकिटं देणारी मुलगी नवीन होती, तिनं ओळखलं नाही. आम्ही अगदी मागच्या बाकावर बसलो. होडी गच्च भरली होती. खडक जवळ आला आणि काकानं कर्णा उचलला. भेट आली, थैली आली, कपटी हसू आलं. काळी बिजागरी वर धरून त्यानं सगळ्यांना दाखवली. मला वाटलं, संपलं. पण त्यानं आवाज खाली आणला.

"मित्रहो, तुम्ही म्हणाल, हा पणतू खोटं सांगत असेल. माझा सख्खा थोरला भाऊ. देवमाणूस. अख्खं आयुष्य घातलं त्यानं पणजोबाला निर्दोष ठरवायला. आणि शेवटी काय झालं? भर सभेत ही बिजागरी त्यानं स्वतःच्या हातात घेतली, स्वतःच्या बोटांनी तपासली, आणि मान खाली घातली. 'काही नाही' म्हणाला." होडीत सगळे चुकचुकले. काकाची नजर फिरत फिरत मागच्या बाकावर आली आणि बाबांवर अडकली.

तो थांबला. माझ्या मनात आलं, आता तरी हा लाजेल. निदान कर्णा खाली ठेवेल.

"आणि आपलं भाग्य बघा," काका म्हणाला, "ते आज इथे बसलेत! जोरदार टाळ्या होऊ द्या!"

सगळी होडी मागे वळली. टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. पुढच्या बाकावरची एक बाई, चांगल्या घरातली, डोळ्यांत पाणी आणून बाबांचा हात हातात घेऊन म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका हो. पूर्वजांनी पाप केलं त्यात तुमचा काय दोष?" मी बाबांकडे बघत होते. आत्ता म्हणतील. इथे तर सभा नाही, अध्यक्ष नाहीत, ही एक परकी बाई, हिला तरी सांगतील. बाबांनी पुढे बघितलं. काका कर्णा छातीशी धरून उभा होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. होडीतले सगळे उत्तराची वाट बघत होते.

"हो," बाबा त्या बाईला म्हणाले. "चुकलंच त्यांचं."

धक्क्यावर उतरून आम्ही घराकडे निघालो. शिळेपाशी बाबा थांबले नाहीत, तिच्याकडे बघितलंही नाही. घराच्या वळणावर आल्यावर ते एकदम उभे राहिले आणि माझा हात धरला.

"माझ्याच तोंडून वदवून घेतलं गं त्यानं," ते म्हणाले.